साळूबाईंनी पारूचं नाव घेतलं

विंझरहून मला बैलगाडीतून नेलं तेव्हा माझे हात दादाच्या पागोट्यानं बांधलेले होते. पौष महिना होता. भातं झोडून झाली होती, गाडीत पेंढा टाकला होता आणि त्यावर मला बसवलं होतं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एक लुगडं आणि दोन चोळ्या गाठोड्यात बांधून गाडीत ठेवल्या आणि त्या पाठ फिरवून घरात गेल्या. ओट्याओट्यांवर बायका उभ्या होत्या. माझी नजर पडू नये म्हणून त्यांनी लेकरांना पदराआड घेतलं होतं. मालक, म्हणजे माझे यजमान, गाडीमागून चालत आले. मार्गासनीच्या नदीपाशी ते थांबले. मी मागं पाहिलं तेव्हा ते खांद्यावरचं घोंगडं उगाच सारखं करत उभे होते.

पलीकडच्या काठाला दादानं गाडी थांबवली. मला तहान लागली होती आणि बांधल्या हातांची ओंजळ होईना.

"सोडतो, पर पळायचं न्हाई," दादा म्हणाला.

"कुठं पळू, दादा?"

महिन्याभरात माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं शहाणं वाक्य. दादा तिथंच काठावर बसून रडला. ते पागोटं त्यानं पुन्हा माझ्या हातांना बांधलं नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण दादाची सून. ती चार इयत्ता शिकलेली. मागच्या पत्रात तिनं विचारलं, "आत्या, तुमच्याबद्दल घरात कुणीच नीट सांगत न्हाई. तुमच्या अंगातलं भूत खरंच उतरवलं व्हतं का?" तिच्यासाठी लिहिते आहे. गुंजवण्यात, विंझरात राहिलेल्या सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारख्या, डोंगर सोडून पुण्या-मुंबईच्या खोल्यांत येऊन पडलेल्यांसाठीही.

माझं माहेर गुंजवणं. राजगड आमच्या परसात असल्यासारखा वाटायचा. गाय हुकली तरी "गडाकडं बघा" म्हणायचे. सोळाव्या वर्षी मला विंझरात दिलं, बिजवराला. मालकांची पहिली बायको पारू बाळंतपणात गेली होती, मूलही गेलं होतं. मी गेले ती तिच्याच घरात. तिचीच लुगडी नेसले, तिच्याच गोधडीवर निजले, तिनं सारवलेल्या चुलीवर भाकरी थापल्या. पण तिचं नाव घरात कुणी घेत नसे. एकदा मी सहज विचारलं, हा तांब्या कुणाचा? आत्याबाई म्हणाल्या, "घरचा हाय." तेवढंच.

दोन वर्षांनी मला मुलगा झाला. गोरा नव्हता, सावळाच, पण जावळ असं दाट की सुईण हसली. बाराव्याला नाव ठेवायचं होतं. अकराव्या दिवशी सकाळी त्यानं दूध ओढणं सोडलं आणि दुपारी गेला. आत्याबाई कपाळाला हात लावून मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "तिनं न्हेलं गं. तिनंच न्हेलं."

त्या दिवसानंतर पारू घरात आली. ती आधीही होतीच, पण आता सगळ्यांना दिसायला लागली. मला भर दुपारी विहिरीवर अंधारी येई, दातखीळ बसे, घागर हातातून सुटे. शुद्धीवर येई तेव्हा सगळे वाकून विचारत असायचे, "कोण हाय तू? बोल, कोण हाय?" देवरुशी आणला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला जेवढं येत होतं तेवढं त्यानं मनापासून केलं. मिरच्यांची धुरी दिली, कडुलिंबाच्या डहाळ्यांनी झोडपलं, कपाळावर बिब्बा घातला. तो डाग अजून आहे, कुंकू लावायच्या जागेच्या थोडा वर. धुरीनं जीव घुसमटला की मी ओरडायची, "मी पारू! मी पारू!" मग धुरी काढून घ्यायचे.

मी खोटं बोलत होते का? किती वर्षं हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. खोटं नव्हतं. त्या धुरात मला खरंच कळत नसे मी कोण ते. पण एवढं कळायचं की पारूचं नाव घेतलं की सुटका होते. शेवटी देवरुशीच दादाला म्हणाला, "माज्या हातातलं न्हाई ह्ये. पोरगी मरंल. दुसरीकडं बघा."

दादा हिरडा विकायला भोरला जायचा. तिथं बाजारात त्यानं साळूबाईंचं नाव ऐकलं होतं. त्यांचं खरं नाव सालोमीबाई. त्या नगरकडच्या, विधवा, मिशनच्या बायबलबाई. गावोगाव जाऊन बायकांना शास्त्र सांगायचं हे त्यांचं काम. पण बाजारातल्या बायका त्यांना दुसऱ्याच कारणासाठी ओळखत. झपाटलेली, धरलेली बाई त्यांच्याकडे नेली तर त्या प्रार्थना करतात आणि मारत नाहीत, असं म्हणत. दादाला त्यातलं "मारत न्हाईत" एवढंच महत्त्वाचं वाटलं असावं.

भोरला तेव्हा संस्थानचं राज्य. गावात कचेरीतल्या कारकुनांची, वकिलांची घरं. साळूबाईंना त्या आळ्यांत कोण जागा देणार? त्या नदीकडच्या अंगाला दोन खोल्यांत राहत. आम्ही पोचलो तेव्हा त्या अंगणात जात्याला टाकी लावत होत्या. जाड अंगाच्या, दम्यानं धापा टाकणाऱ्या, दात मिश्रीनं काळे.

दादानं दारातच विचारलं, "बाटवणार न्हाई न्हवं?"

"मी कोण बाटवणार, भाऊ?" त्या म्हणाल्या. "मी हिला जेवू घालीन आणि हिच्यासाठी देवाजवळ मागेन. तुम्हाला खात्री नसेल तर तुम्हीही राहा दोन दिवस. ओसरी मोकळी आहे."

दादा चार दिवस राहिला. स्वतःच्या तीन दगडांवर स्वतःचा भात शिजवून खाल्ला आणि माझ्यावर नजर ठेवली.

साळूबाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर पाणी तापवलं. माझ्या केसांच्या जटा झाल्या होत्या. त्यांनी तेल लावून एकेक बट सोडवली, दुपारभर. पाठीवरचे वळ दिसले तशी त्यांनी त्यांवरही हलकेच तेल लावलं. मला त्यांनी वरण-भात घातला आणि स्वतः उपाशी राहिल्या. मला वाटलं, अन्न कमी असेल. पुढं कळलं, असा आजारी माणूस आला की त्या तीन दिवस उपास धरीत. मिश्री मात्र उपासालाही सुटत नसे. पाळकसाहेब येणार असले की डबी पिठाच्या मडक्यात जायची.

पाळकसाहेब म्हणजे मंडळीचे मुख्य, पुण्याचे. त्यांच्याबरोबर एक उपदेशकही येत, भूत काढण्यात त्यांचा हातखंडा होता म्हणे. मी गेल्यावर आठवड्यानं ते दोघे आले. उपदेशकांचा आवाज असा मोठा की शेजारपाजारची माणसं भिंतीपलीकडून कान देऊन उभी राहिली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात दाबला आणि ख्रिस्ताच्या नावानं दरडावून विचारलं, "कोण आहेस तू? नाव सांग!"

मला तर हे पाठच होतं. मी थरथरले, डोळे फिरवले आणि ओरडले, "मी पारू!"

"नीघ!" ते गरजले. मी पडले. सगळ्यांनी गीत म्हटलं. उपदेशकांचा चेहरा घामानं आणि आनंदानं निथळत होता. त्यांचा विश्वास खरा होता, त्याबद्दल मला आजही शंका नाही. दोघे दुसऱ्या दिवशी पुण्याला गेले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मी नदीवर धुणं टाकून पुन्हा पडले.

त्यानंतरच्या सकाळची गोष्ट. साळूबाई दळत होत्या आणि मी समोर बसून खुंट्याला हात लावला होता. त्यांनी गप्पा मारल्यासारखं विचारलं, "पारू दिसायला कशी होती गं?"

"म्या बघितली न्हाई तिला."

"मग तुझं-तिचं भांडण कशावरून?"

भांडण नव्हतंच. आम्ही भेटलोच नव्हतो. मी म्हणाले, "तिनं माजं प्वार न्हेलं."

"कोण म्हणतं?"

"आत्याबाई."

जातं थांबलं. साळूबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "बाळाचं नाव काय होतं?"

"बारसं झालं न्हवतं. अकराव्यालाच गेलं."

"ते कळलं. तू मनात काय ठेवलं होतंस?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मालकांनी नाही, आईनंसुद्धा नाही. मी पोटुशी असताना चुलीपुढं बसून त्या नावानं त्याच्याशी बोलायची, हे जगात कुणाला माहीत नव्हतं. साळूबाई वाट पाहत बसल्या. शेवटी मी म्हणाले, "रघू."

आणि मी रडले. बाळ गेल्यापासून मी किंचाळले होते, घुमले होते, पण रडले नव्हते. रडणाऱ्या बाईला सगळे गप्प करत, अंगात येईल म्हणून. साळूबाईंनी गप्प केलं नाही. पिठानं माखलेले हात तसेच जोडून त्या गुडघ्यांवर आल्या. गुडघे दुखत म्हणून त्या एरवी बसूनच प्रार्थना करीत. त्या म्हणाल्या,

"बापा, हा रघू. याला आजपर्यंत कुणी नावानं हाक मारली नाही, मी मारते. याला ओळख. आणि ही पारू. हिचं नाव घ्यायला लोक भितात. ही कुणाची वैरीण नाही रे, हीसुद्धा एक लेकरू गेलेली आईच आहे. हिला तुझ्याजवळ बसव. रघूला हिच्या मांडीवर दे. आणि या हौसाला आता झोपू दे."

आवाज चढला नाही. हुकूम नव्हता, धमकी नव्हती. शेजारच्या ताईकडं विरजण मागावं तसं त्या मागत होत्या.

मी डोळे मिटून ऐकत होते आणि मला पहिल्यांदा पारू दिसली. ती बसली होती आणि तिच्या मांडीवर दाट जावळाचं पोर होतं. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिला वेळ कुठं होता? मी उठले, आत गेले आणि झोपले ती दुसऱ्या दिवशी सकाळी उठले.

उठल्यावर साळूबाई हळूच म्हणाल्या, "काल मी जे बोलले ना, ते पाळकांना सांगू नकोस हं. मेलेल्यांसाठी मागायचं नाही, अशी शिकवण आहे आमच्यात. माझ्या तोंडून निघून गेलं."

"चुकलं का ते?"

त्या मिश्री लावता लावता विचार करत राहिल्या. "देवाला चुकलं वाटलं असतं तर तुला झोप दिली नसती," म्हणाल्या आणि चूळ भरायला उठल्या.

त्यानंतर मला तीनदा चक्कर आली, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हलकी. मग आलीच नाही. पुढं पुण्यात दवाखान्यात आयुष्य गेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी हिस्टेरिया असा शब्द सांगितला. असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण औषध काय होतं हे मला माहीत आहे.

मालक बाजाराच्या दिवशी भोरला यायला लागले. पायरीवर बसत, पाणी घेत नसत. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, "पारू कशी व्हती?" ते दचकले. मग खालच्या मानेनं म्हणाले, "लई हसायची. कायबी झालं की हसायची." आणि धोतराच्या सोग्यात तोंड लपवून तो दांडगा माणूस हुंदके द्यायला लागला. त्या दिवशी त्यांनी साळूबाईंच्या हातचं पाणी घेतलं.

त्यांना मला परत न्यायचं होतं. मलाही जायचं होतं, हे लिहायला मी लाजत नाही. पण आत्याबाईंनी आणि भावकीनं अट घातली. शुद्धी करून घ्यायची, त्याला मी तयार होते. आणि चावडीपुढं सांगायचं की किरिस्तावाच्या बाईनं मला भुलवून ठेवलं होतं.

"तेवढं एक वाक्य म्हण," मालक म्हणाले. "कुणी ध्यानात ठेवतंय?"

"मी ठेवीन," मी म्हणाले.

ते पायरीवरून उठले आणि गेले. पुढच्या बाजाराला आले नाहीत. वैशाखात त्यांचं तिसरं लग्न झाल्याचं दादानं सांगितलं. तेव्हा मी किती दिवस जेवले नाही, ते साळूबाईंना माहीत होतं.

त्याच वर्षी साळूबाईंची बदली पुण्याला झाली आणि त्यांच्याबरोबर मीही गेले. भोरहून सर्व्हिस मोटारीत बसलो. कापूरहोळ मागं पडलं तशी मी मान वळवून डोंगर पाहत राहिले. तोरणा आणि राजगड कितीतरी वेळ दिसत होते. मग कात्रजच्या बोगद्यात मोटार शिरली आणि पलीकडं निघाली तेव्हा मागं नुसता डोंगर होता, कुठलाही.

पुणं अंगवळणी पडायला वर्ष लागलं. नळाला विशिष्ट वेळी पाणी येतं आणि त्यासाठी ओळीत उभं राहायचं, हे मला फार दिवस अपमानाचं वाटे. आमच्याकडं ओढा काही वेळ पाहून वाहत नसे. दवाखान्यात आया म्हणून लागले. ड्यूटी, वॉर्ड, पास असे शब्द तोंडात बसले. साळूबाईंनी पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. पाच वर्षांनी मी आपणहून बाप्तिस्मा मागितला. पाळकांनी विचारलं, नवं नाव हवं का? मी म्हटलं, हौसाच राहू द्या, फार खटपटीनं परत मिळालं आहे. दादाला पत्र लिहून कळवलं. तो वर्षभर आला नाही. मग एक दिवस आंबेमोहोराची गोणी घेऊन उभा राहिला, माझ्या ताटात जेवला, आणि तेव्हापासून दरवर्षी तांदूळ येतो.

तो तांदूळ शिजला की खोलीभर गुंजवणं पसरतं. शेजारीण विचारते, आज काय विशेष? मी म्हणते, काही नाही, भात आहे. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मी इतरांसारखी पुस्तकी प्रार्थना म्हणते. पण एकटी असले की मला ती भाषा येतच नाही. "द्येवा, हितं ये, जरा बस," असंच निघतं तोंडातून.

साळूबाई युद्धाच्या दिवसांत दम्यानं गेल्या. मिश्रीची डबी मी त्यांच्या उशाखाली ठेवली, पाळकांच्या नकळत.

त्यानंतर दोन वर्षांनी मालक माझ्या दारात आले. बरोबर आत्याबाई. वाळून काटकी झाल्या होत्या. घास गिळत नव्हता. गावात म्हणत होते, पारूनं धरलंय. मालक म्हणाले, "तुजं नाव आईनंच काढलं."

मी त्यांना दवाखान्यात दाखवलं. गळ्यात गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन मान हलवली. मालक शेतीसाठी परत गेले, आत्याबाई माझ्या खोलीत राहिल्या. पहिल्याच दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, "त्या बाईनं तुज्यावर केलं तसं कर माज्यावर."

मी वॉर्डात पुष्कळांजवळ बसून प्रार्थना केली होती, पण हे कधी केलं नव्हतं. आणि खरं सांगते, मनात कुठंतरी वाटलं, आता भोगा. ते मनातून जाईपर्यंत मी उगाच स्टो पेटवत, विझवत राहिले. मग त्यांच्याजवळ बसले. त्यांना म्हटलं, "आत्याबाई, पारूचं काय झालं व्हतं?"

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. तशाच बोलल्या. "दिस भरले व्हते तिचे. म्हायेरी धाडा म्हनत व्हती. म्या म्हनलं, लावनी हुंदे, मग जा. चिखलातच कळा आल्या तिला. म्या म्हनलं, एवढा वाफा हुंदे." माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

मी प्रार्थना केली. साळूबाईंचे शब्द मला आठवले नाहीत, आठवायचा प्रयत्नही केला नाही. म्हणाले, "द्येवा, ही म्हातारी लई वर्सं एकटीच ह्ये घिऊन बसलीया. तिच्याकडनं काढून घे. पारूला सांग, आत्याबाई रडत्यात."

गाठ गेली नाही. मी जादू सांगत नाहीये. पण त्या संध्याकाळी त्यांनी चार चमचे पेज गिळली. पारू दिसते असं त्या पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. अठरा दिवस राहिल्या. माझ्या स्वयंपाकात चुका काढून दाखवल्या, शेजारणीला विंझरच्या पाण्याची गोडी सांगितली, माझ्या केसांना तेल लावायला बसल्या आणि मध्येच थकून माझ्याच खांद्यावर डोकं टेकून पेंगल्या.

मालक न्यायला आले तेव्हा त्यांना ठाऊक होतं की ही शेवटची वारी. त्यांच्या धाकट्या मुलानं, तिसऱ्या बायकोच्या मुलानं, माझ्यासाठी हिरडे पाठवले होते, फडक्यात बांधून. मी टांगा बोलावला. आत्याबाई उंबऱ्यात थांबल्या, दाराच्या चौकटीला हात धरून श्वास घेतला आणि खोलीभर नजर फिरवली, स्टो, कॉट, भिंतीवरचा क्रूस, सगळ्यावरून. मला वाटलं, निरोपाचं काही बोलतील, क्षमा वगैरे मागतील. त्या म्हणाल्या, "येते गं, हौसा."

परक्याच्या दारातून माणूस उठून जातं. जिथं परत यायचं असतं त्या घरातून निघताना "येते" म्हणतात. चैत्रात त्या गेल्याचं पत्र आलं. विंझरला कोणी मला बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. पण त्या दिवशी पुण्याच्या लष्कर भागातल्या भाड्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर, टांगेवाला घाई करत असताना, त्यांनी मला घर देऊन टाकलं.

मी म्हणाले, "या, आत्याबाई."